येणार येणार म्हणून : विज्ञानकथा-मालिकांच्या प्रतीक्षेचा आढावा

'अफवा' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ 'तोंडे' असा आहे. म्हणजे ही एका तोंडाची गोष्ट नव्हे, हे त्या शब्दाच्या अनेकवचनातच सांगून ठेवलेले आहे. मराठीने मात्र या एका शब्दावर भागवून घेतले नाही. बातमी बातमी होण्यापूर्वी जी लागते ती कुणकुण, कुणी सांगितले हे न सांगता जी पुढे सरकते ती वदंता, गावभर एकदम उठते ती आवई, मुद्दाम दिली जाते ती हूल, आणि ज्याचा त्यात काही फायदा असतो तो पिकवतो ती कंडी. कोशकार या शब्दांत इतका काटेकोर भेद करीत नसले तरी बोलणारे करतात. आणि पडद्यावर येऊ घातलेल्या विज्ञानकथा-मालिकेविषयी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, जे बोलले जाते त्याचा आढावा घ्यायचा झाल्यास हे पाच शब्द चांगले उपयोगी पडतात, कारण त्या बोलण्यातले सगळे खोटे नसते, सगळे निरागसही नसते, आणि मालिका प्रत्यक्ष आल्यावर त्यातले बरेचसे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाच्या ज्ञात नियमांतून, किंवा त्यांतल्या एखाद्या नियमाला जाणूनबुजून दिलेल्या मुरडीतून, तर्काने वाढवत नेलेली कथा. तिची मालिका करायची म्हणजे जे जग कुणी पाहिलेले नाही ते भिंती, कपडे, यंत्रे आणि उजेडासकट उभे करायचे. कौटुंबिक मालिकेतले घर कसे असेल, देव्हारा कुठे असेल आणि सासूबाई कोणत्या खुर्चीत बसतील, हे प्रेक्षकाला पहिल्या भागाआधीच ठाऊक असते; विज्ञानकथेच्या मालिकेत दार उघडते की सरकते की विरघळते इथपासून प्रश्न सुरू होतात, आणि निर्माते नेमके हेच शेवटपर्यंत झाकून ठेवतात. त्यात अशा मालिका बहुधा गाजलेल्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या असतात, म्हणजे हजारो वाचकांच्या मनात एकेक मालिका आधीच तयार असते आणि येणारी मालिका तिच्याशी जुळेल की नाही या धास्तीने ते चाहूल घेत राहतात. घोषणा आणि प्रसारण यांमधला काळही येथे लांबतो, कारण चित्रीकरण संपल्यावर खरे काम, म्हणजे संगणकावर दृश्ये रचण्याचे काम, सुरू होते. झाकपाक, धास्ती आणि लांबलेला काळ एकत्र आले की अफवेला दुसरे काही लागत नाही.

अफवेचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली एक सूत्र मांडले होते, ते असे की अफवेचा जोर हा विषयाचे महत्त्व आणि त्याविषयीची संदिग्धता यांच्या गुणाकाराइतका असतो. बेरजेऐवजी गुणाकार म्हणण्यात मर्म आहे: दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवाही शून्य होते, मग दुसरे कितीही मोठे असो. या क्षेत्रातले एक मूलभूत काम मात्र भारतात झालेले आहे, आणि त्याची आठवण येथे क्वचितच काढली जाते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी, जेथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही अशा भागातल्या अफवा गोळा केल्या, तेव्हा असे आढळले की तेथील लोक दिलासा देणाऱ्या गोष्टी सांगण्याऐवजी आणखी मोठे संकट येणार असल्याचेच एकमेकांना सांगत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी या निरीक्षणाचा लावलेला अर्थ असा की भीती आधीच मनात होती, तिला साजेसे कारण तेवढे हवे होते, आणि ते अफवेने पुरवले. समाजशास्त्रज्ञ तमोत्सु शिबुतानी यांनी १९६६ मध्ये याच गोष्टीकडे जरा मायेने पाहिले. अधिकृत माहिती अपुरी पडते तेव्हा लोक एकत्र बसून जी कामचलाऊ बातमी तयार करतात ती म्हणजे अफवा, असे त्यांचे म्हणणे होते. मालिकांच्या बाबतीत शिबुतानींचे म्हणणे अधिक पटते, कारण तेथे कुणाचे घर पडणार नसते आणि वाट पाहणारी माणसे तुकडे जुळवण्याचा खेळच खेळत असतात.

मराठी घरांत विज्ञानकथा-मालिका शिरली ती दूरदर्शनच्या काळात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ऐंशीच्या दशकात 'स्टार ट्रेक' ही अमेरिकी आणि 'जायंट रोबोट' ही जपानी मालिका राष्ट्रीय वाहिनीवर दिसली, त्याच दशकात 'स्पेस सिटी सिग्मा' ही आपल्याकडची अंतराळमालिका आली, आणि १९८९ च्या सुमारास आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष', जिच्यात गिरीश कार्नाड होते आणि पुढे दिग्दर्शक झालेला करण जोहर नावाचा मुलगाही होता. या मालिकांतली याने पुठ्ठ्याची वाटत आणि परग्रहावरच्या माणसांचे चेहरे ओळखीच्या नटांचे असत, पण त्याने कुणाचे अडले नाही. आजच्या दृष्टीने विशेष गोष्ट ही, की या काळात प्रतीक्षा भरपूर होती आणि अफवा जवळजवळ नव्हती. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातले दिवसाचे कार्यक्रम हीच पूर्वसूचना. मालिका कोण करतो आहे, पुढे किती भाग आहेत, हे कुणाला कळण्याची सोय नव्हती आणि कळावे अशी अपेक्षाही नव्हती. वाट पाहायची ती पुढच्या आठवड्याची, आणि तर्क लढवायचे ते शाळेच्या मधल्या सुट्टीत, घंटा होईपर्यंत. ऐन वेळी पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी लागली तर तिच्याइतकी चर्चा कथानकाचीही होत नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चित्र बदलले. १३ सप्टेंबर १९९७ पासून 'शक्तिमान' सुरू झाली आणि ती २००५ पर्यंत चालली. १९९८ मध्ये केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली, तिच्यात मिलिंद सोमण होते, आणि संगणकावर रचलेली दृश्ये हाच तिचा मोठा गाजावाजा होता. 'शक्तिमान'ला विज्ञानकथा म्हणावे की योगशक्तीची पुराणकथा, यावर वाद घालता येईल. तिच्यात प्रयोगशाळेतला दुष्ट शास्त्रज्ञ आहे आणि कुंडलिनीही आहे. परंतु अफवांच्या इतिहासात तिचे स्थान पक्के आहे. संकटात सापडलेल्या मुलाला शक्तिमान येऊन वाचवतो या समजुतीने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या काळात येऊ लागल्या, त्यांतल्या खऱ्या किती आणि फुगवलेल्या किती यावर वाद झडले, आणि मालिकेच्या नायकाला पडद्यावरून मुलांना सांगावे लागले की असे करू नका. येथे अफवा येणाऱ्या मालिकेविषयी नव्हती, ती मालिकेच्या नायकाच्या येण्याविषयी होती, आणि हा फरक दिसतो तितका मोठा नाही, कारण 'तो येणार' हा विश्वास दोन्हीकडे सारखाच आहे.

तोच विश्वास पंचवीस वर्षांनी दुसऱ्या रूपात परतला. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा दाखवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने त्यावर तीन चित्रपटांची घोषणा केली, आणि त्यानंतर नायक कोण होणार या एका प्रश्नावर वदंतांचे पीक आले. रणवीर सिंग यांचे नाव घेतले जाऊ लागले तेव्हा मूळ नायक आणि निर्माते मुकेश खन्ना यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे विरोध नोंदवला, म्हणजे चित्रपटाच्या निर्मात्यांनी जे अधिकृतपणे सांगितलेले नव्हते त्याचे खंडनही अधिकृतपणे होऊ लागले. वदंतेला असे उत्तर मिळाले की तिचे वजन वाढते. 'काही नसते तर ते बोलले कशाला असते' हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर लगेच तयार होतो. खन्ना यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या परतीची स्वतःची झलक प्रसिद्ध केली, आणि ज्यांनी चित्रपटाची वाट पाहिली होती त्यांच्या पदरात तेवढी झलक पडली.

जगात इतरत्र या प्रकाराला मोठा इतिहास आहे. 'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका १९६९ मध्ये बंद पडल्यावर तिच्या पुनरागमनाची कुणकुण सतत लागत राहिली, १९७७ मध्ये तर नवी मालिका येत असल्याचे खुद्द पॅरामाउंटनेच जाहीर केले, संहिता लिहिल्या गेल्या, आणि मालिका कधीच आली नाही. त्या तयारीतून १९७९ चा चित्रपट निघाला. म्हणजे 'येणार' म्हणणारे चुकले आणि नाहीही चुकले. आयझॅक ॲसिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'चे तसेच झाले: पडद्यावरील रूपांतराचे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहिले, प्रत्येक हस्तांतराबरोबर 'आता नक्की' अशी आवई उठली, आणि १९४२ पासून छापल्या जाऊ लागलेल्या या कथांची मालिका २४ सप्टेंबर २०२१ रोजी ॲपलच्या वाहिनीवर दिसली. हक्क घेणे म्हणजे मालिका करणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून दुसऱ्या कुणी ती कथा घेऊ नये एवढीच तजवीज पुष्कळदा केलेली असते, जशी जमिनीची विसाररक्कम देऊन ठेवतात, आणि विसार दिलेल्या जमिनीवर इमारत उभी राहतेच असे नाही.

लिऊ त्सिशिन यांच्या 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' या चिनी कादंबरीबाबत जे घडले ते तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. ॲमेझॉन या कादंबरीत्रयीच्या मालिकेसाठी १ अब्ज डॉलर मोजायला तयार आहे, अशी बातमी मार्च २०१८ मध्ये जगभर फिरली. आकडा इतका गोल आणि इतका मोठा होता की बातमीचा उरलेला भाग, म्हणजे हे बोलणे कुठवर आले आहे आणि हक्क नेमके कुणाकडे आहेत, कुणी वाचलाच नाही. ऑलपोर्ट-पोस्टमन यांच्या प्रयोगांत तोंडोतोंडी गेलेल्या मजकुराचे तपशील गळत जातात आणि एखादाच तपशील धारदार होऊन उरतो, असे दिसले होते. येथे तो धारदार तपशील म्हणजे तो अब्ज. ॲमेझॉनची मालिका आली नाही. २०२० मध्ये नेटफ्लिक्सने आपली घोषणा केली, पण नेटफ्लिक्सच्या मालिकेआधीच टेन्सेंटची ३० भागांची चिनी मालिका जानेवारी २०२३ मध्ये प्रसारित झाली, आणि नेटफ्लिक्सची २१ मार्च २०२४ रोजी.

कधी उलटेही होते, आणि बोलणाऱ्या तोंडांनी मालिका वाचते. मे २०१८ मध्ये सायफाय वाहिनीने 'द एक्स्पान्स' बंद केल्यावर चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून विमानाने फलक उडवला, आणि त्याच महिन्यात ॲमेझॉनने ती मालिका घेतल्याचे जेफ बेझोस यांनी जाहीर केले. अशी उदाहरणे थोडी आहेत, पण ती थोडीच पुरेशी ठरतात. लॉटरी लागलेला एक माणूस जसा हजारोंना तिकीट घ्यायला लावतो तसेच हे आहे. प्रतीक्षेचा दुसरा टोकाचा नमुना नेटफ्लिक्सच्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा. २०२३ मध्ये हॉलिवुडच्या लेखकांचा १४८ आणि कलावंतांचा ११८ दिवसांचा संप झाला, त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या पर्वांत तीन वर्षांहून अधिक अंतर पडले. २०२५ च्या शेवटच्या दिवशी अखेरचा भाग आला, तो पुष्कळांना रुचला नाही, आणि मग खरा शेवट लपवून ठेवलेला असून तो ७ जानेवारी २०२६ रोजी येणार अशी आवई उठली. पडद्यावरच्या पुस्तकांच्या पाठी, कपड्यांचे रंग, पात्रांच्या हातांची ठेवण यांतून पुरावे काढले गेले. भाग आला नाही. फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५६ च्या ग्रंथात, २१ डिसेंबर १९५४ रोजी प्रलय येऊन परग्रहवासी आपल्याला न्यायला येतील असे मानणाऱ्या शिकागोच्या एका गटाचा अभ्यास केला होता, आणि तारीख उलटल्यावरही त्या गटातल्या पुष्कळांचा विश्वास वाढलाच, असे नोंदवले होते. महाराष्ट्राला हे परके वाटू नये. फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीला जगबुडी होणार म्हणून यज्ञ झाले, जुलै १९७९ मध्ये 'स्कायलॅब' ही अमेरिकी अवकाशप्रयोगशाळा आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव घबराट पसरली आणि ती पडली ऑस्ट्रेलियात व हिंदी महासागरात; परंतु आपली भाकिते चुकली म्हणून ज्योतिषी घरी बसल्याचे ऐकिवात नाही.

कुणकुण नेमकी निघते कोठून, हे पाहण्यासाठी मात्र अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. दृश्यपरिणाम, म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर रचलेली वा दुरुस्त केलेली दृश्ये, यांचे मोठे काम मुंबईत होते. १९९७ साली मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसने २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी हातमिळवणी केली, आणि आज डीएनईजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेला 'ड्यून'च्या दोन्ही भागांसाठी दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. या उद्योगात राबणारी माणसे उपनगरांत आणि पनवेलसारख्या टोकाच्या शहरांत राहतात, लोकलने कामाला जातात, आणि एका नायकाच्या हाताभोवतीची हिरवी किनार पुसण्यात किंवा यानाला लटकवलेल्या तारा चित्रचौकटीगणिक काढून टाकण्यात आठ-आठ दिवस घालवतात. पुष्कळदा त्या माणसाला मालिकेचे खरे नावही सांगितलेले नसते, संगणकावर कामापुरते टोपणनाव असते, आणि जे कळते त्याभोवती गोपनीयतेच्या कराराचे कुंपण असते. त्यामुळे हार्बर मार्गाच्या डब्यात एकाच बाकावर असे दोघे बसलेले असू शकतात, की ज्याला माहीत आहे तो खिडकीबाहेर पाहतो आहे आणि ज्याला काहीच माहीत नाही तो शेजाऱ्याला पुढच्या पर्वाची गोष्ट सांगतो आहे. अफवेच्या अर्थशास्त्रातली ही मोठी विसंगती आहे: माहिती असणाऱ्याच्या मौनाला पगार आहे, आणि माहिती नसणाऱ्याच्या बोलण्याला प्रेक्षक.

या दोघांच्या मध्ये कागद असतात. नाव नोंदवण्याचा अर्ज, कलाकार हवेत अशी जाहिरात, जागेच्या परवानगीसाठी केलेला पत्रव्यवहार, एखाद्या सुताराच्या किंवा वेशभूषाकाराच्या कामांच्या यादीत चुकून राहिलेली एक ओळ. यांतून निघते ती कुणकुण, आणि ती बहुधा खरी असते. तिच्यात नटाचे नाव मिसळले की वदंता होते, तारीख मिसळली की आवई. कंडी पिकवणारे यानंतर येतात, आणि त्यांत निर्मात्यांचेही लोक असतात, कारण आठ भागांची मालिका आठ आठवड्यांत संपते, पण तिच्याविषयीचे बोलणे दोन वर्षे चालले तर ती दोन वर्षांची फुकट जाहिरात असते.

'येणार' या शब्दाची किंमत पनवेलच्या परिसराइतकी फार थोड्या ठिकाणी समजली असेल. पनवेल–माथेरान रस्त्यावर, नवीन पनवेलला लागून वसलेले सुकापूर हे एके काळचे भातशेतीचे गाव आता इमारतींनी भरले आहे. नवी मुंबईच्या विमानतळाची चर्चा गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, १८ फेब्रुवारी २०१८ रोजी पायाभरणी झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ ला पहिले प्रवासी उडाले. मधल्या काळात, ज्या विमानतळावरून एकही विमान उडालेले नव्हते त्याच्यापासून अमुक मिनिटांवर, असे सांगून घरे विकली गेली. विमानतळ आला म्हणून भाव वाढले असे म्हणण्यापेक्षा येणार म्हणून वाढले असे म्हणणे अधिक खरे. विज्ञानकथा-मालिकेचा बाजार याच तत्त्वावर चालतो, फरक इतकाच की येथे विकली जाते ती वर्गणी. संध्याकाळी स्टेशनवरून सुकापूरकडे जाणाऱ्या रिक्षात बसलेला महाविद्यालयीन मुलगा दोन मिनिटांची झलक चार वेळा पाहतो, तिच्यातला अर्ध्या सेकंदाचा एक चेहरा थांबवून मित्राला दाखवतो, आणि त्या महिन्याची वर्गणी बंद करायची राहून जाते.

यानंतर मराठीकडे वळल्यास एक विचित्र गोष्ट दिसते. मराठी दूरचित्रवाणीला अफवांचे वावडे नाही, पण तेथल्या अफवा मालिकेच्या शेपटाकडे असतात. मालिका बंद होणार, वेळ बदलणार, नायिका सोडून जाणार, सहा महिन्यांची झेप घेणार, असे बोलणे सतत चालू असते; सुरू होण्यापूर्वी मात्र जाहिरात दिसते आणि थोड्याच आठवड्यांत मालिका घरात येते, वाट पाहायला वेळच मिळत नाही. रोज एक भाग द्यायचा, तो प्रसारणाच्या थोडे दिवस आधी चित्रित करायचा आणि दर आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येकडे पाहून कथानक वळवायचे, या पद्धतीत ज्या कथेचा शेवट सुरुवातीपूर्वी ठरवावा लागतो ती बसत नाही, आणि विज्ञानकथा नेमकी तशी असते. गूढाला जागा मिळाली: पुनर्जन्मावरची 'असंभव' २००७ मध्ये आली आणि गाजली, 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली आणि तिची पुढची पर्वेही निघाली. भुताला खुलासा द्यावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. विज्ञानकथेची मात्र नाव घ्यावे अशी दीर्घ मराठी मालिका आठवू गेल्यास हात रिकामा राहतो. चित्रपटात सुजय डहाके यांचा 'फुंतरू' २०१६ मध्ये येऊन गेला.

साहित्य नाही म्हणून हे झाले असे म्हणता येत नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली, तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाआड खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर आहेत हे नंतर उघड झाले. साहित्याच्या क्षेत्रातली ही एक दुर्मीळ हूल, जी देणाऱ्याने केवळ आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून दिली होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, नारायण धारप आणि द. पां. खांबेटे यांनी वाट पाडली, आणि बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण साधू यांच्या पिढीने ती रुंद केली. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले तेव्हा हा प्रवाह मुख्य पात्राला मिळाल्याचे औपचारिक शिक्कामोर्तब झाले. भागवतांचा 'फास्टर फेणे' १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आला खरा, पण तो हिंदी बोलत आला.

पैशाचे कारण नेहमी पुढे केले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. नागपूरच्या आरती कडव यांनी 'कार्गो' हा हिंदी चित्रपट जवळजवळ एका यानाच्या आत घडवला, त्यात मृतांना पुढच्या जन्मासाठी तयार करणारे राक्षस कारकुनी शिस्तीने काम करतात, आणि २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर जगभर दिसला. नारळीकरांच्या कथांना तर यानही पुष्कळदा लागत नाही. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेला एक मूर्ती, एक क्रिकेटपटू आणि आरशातल्यासारखी उलटापालट एवढे पुरते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात गेली, म्हणजे देशभरातल्या असंख्य मुलांनी ती परीक्षेसाठी का होईना वाचलेली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जागे होतात जेथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. ते पुण्याहून मुंबईला निघतात, गाडी लोणावळ्याला थांबते, घाट उतरते, कर्जतला थांबते, आणि पुढे सरहद्द नावाच्या स्थानकावर परवाने तपासले जातात, कारण त्या जगात तेथून ब्रिटिशांचे राज्य सुरू होते.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांच्या सूत्रात हे बसवून पाहिले तर महत्त्वाचा आकडा मोठा आहे, संदिग्धतेचा शून्य. संदिग्ध असायला आधी काहीतरी हालचाल असावी लागते, कुणीतरी हक्क मागितलेले असावे लागतात, कुठेतरी कलाकार हवेत अशी एक जाहिरात निघालेली असावी लागते. मराठी विज्ञानकथा-मालिकेची अवस्था तिच्याविषयी खोटे बोलायलाही कुणाला सुचू नये इतकी वाईट आहे. गंगाधरपंतांच्या मालिकेला एक आगगाडी, कथेतले एक फाटलेले बखरीचे पान आणि एक परवाना तपासणारा शिपाई लागेल. आणि त्यांची गाडी ज्या कर्जतला थांबते ते सुकापूरच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगराच्या पलीकडेच आहे.